नोकरी सोडून सल्लागार व्हायचंय: एकट्याने, एलएलपीत की कलम ८ कंपनीत?

मोठ्या कंपनीत पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं हल्ली वरचेवर एकच प्रश्न घेऊन येतात. एचआर, फायनान्स, सप्लाय चेन यातलं काम हातात पक्कं बसलंय, आता ते पटतील अशा लोकांसाठी, पटेल अशा पद्धतीने करायचंय, तर नोंदणी कशाची करू? सीएकडे गेलात की तो कर आणि जबाबदारी हे दोन निकष लावून उत्तर देतो, आणि ते योग्यच असतं. मी त्याआधी तिसरा निकष लावते. न पटणारं काम दारात आलं, तर कोणत्या रचनेत तुम्हाला 'नाही' म्हणणं परवडेल?

या निकषावर तिन्ही पर्यायांचा क्रम बराच बदलतो.

एकट्याने

प्रोप्रायटरशिपला वेगळी कंपनी काढावी लागत नाही, पॅन तुमचाच चालतो. महाराष्ट्रात व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची नावनोंदणी करायची. कामगार मोजकेच असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. लोक तिला अजून गुमास्ताच म्हणतात. उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते. ठरावीक मर्यादेपर्यंत ऑडिट नाही, दरवर्षी कंपनी निबंधकाकडे फॉर्म भरणं नाही. दरमहाचा बांधील खर्च जवळजवळ शून्य, म्हणून नकार द्यायची ताकद इथे सगळ्यात जास्त.

जीएसटीची एक बाजू सल्लागारांच्या लक्षात उशिरा येते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि सल्ल्यावर दर १८ टक्के. मोठ्या कंपनीला हा १८ टक्के जाचत नाही, तिला तो वजा करून मिळतो. स्वयंसेवी संस्थेला बहुतेक वेळा तो मिळत नाही. तुमची फी १ लाख असेल तर संस्थेच्या खिशातून १,१८,००० जातात, आणि ते वरचे १८,००० म्हणजे तिच्या एखाद्या कार्यकर्तीचा महिन्याचा पगार असू शकतो. छोट्या संस्थांसाठी काम करायचं मनापासून ठरवलं असेल, तर पहिली एक-दोन वर्षं २० लाखांच्या आत राहणं ही त्यांना दिलेली खरीखुरी सवलत आहे.

आयकरात गृहीत नफ्याची तरतूद आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी सगळे तिला ४४एडीएच म्हणतात. ठरावीक व्यवसायांना, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेवर, निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो. ४० लाख जमा झाले आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर २० लाखांवर नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी उपकरासह २,०८,००० रुपये कर बसतो. क्लायंट मात्र १० टक्क्यांनी ४ लाख टीडीएस कापून मोकळे होतात. म्हणजे तुमचे जवळजवळ दोन लाख परतावा येईपर्यंत अडकतात. त्यासाठी कमी दराने टीडीएस कापण्याचा दाखला वर्षाच्या सुरुवातीलाच मागावा. शिवाय 'तांत्रिक सल्ला' या यादीत आहे, पण एचआर किंवा स्ट्रॅटेजीचा सल्ला त्यात बसतो का यावर वाद होतो. सीएचं मत लेखी घ्या.

दोघांची एलएलपी

एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, किमान दोन भागीदार लागतात. ४४एडीए मिळत नाही, नफ्यावर सरळ ३० टक्के कर अधिक उपकर, आणि उलाढाल ४० लाखांवर किंवा भागीदारांचं योगदान २५ लाखांवर गेलं की ऑडिट. नफा नसला तरी ३० मेपर्यंत वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेबाचं विवरण भरावंच लागतं.

'मर्यादित जबाबदारी' या शब्दांवर अनेक जण भाळतात. भागीदाराच्या चुकीपासून ती तुम्हाला वाचवते. तुमच्या स्वतःच्या चुकीची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरच राहते. चुकीच्या सल्ल्याची भीती असेल तर व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्या, तो एकट्यालाही मिळतो.

मग एलएलपी का करावी? माझ्या मते भागीदारी करारासाठी. हा करार नोंदणीनंतर ३० दिवसांत दाखल करायचा असतो आणि बहुतेक जण तयार नमुन्यात नावं भरून मोकळे होतात. पण करारात लिहिलं नाही, तर नेहमीचे निर्णय बहुमताने, प्रत्येकाला एक मत. दोघांत बहुमत कुठून आणणार? कोणत्या उद्योगांचं काम घ्यायचं नाही, दोघांपैकी एकाने नकार दिला तर काम सोडायचं का, वर्षाचे किती दिवस कमी फीच्या कामाला द्यायचे, हे कलमांच्या भाषेत त्याच करारात उतरवा. प्रोप्रायटरशिपमध्ये मूल्यं पाळण्याची जबाबदारी फक्त तुमच्या मनावर असते; इथे ती जोडीदार तुम्हाला कागद दाखवून मागू शकतो. ज्यांना पैशाच्या ताणात आपण ढिले पडू अशी शंका आहे, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कलम ८ कंपनी

मूल्यांचा विषय निघाला की सगळ्यांना आधी हीच सुचते, कारण कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ही कंपनी सभासदांना नफा वाटत नाही. पण फी घेऊन सल्ला देणाऱ्याला ती सहसा बसत नाही. सर्वसाधारण लोकोपयोगी कामाच्या वर्गात फीसारखी व्यावसायिक जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की आयकरातली सूट धोक्यात येते, आणि तुमची तर मुख्य जमाच फीची. देणाऱ्या कंपनीने स्वतः न काढलेल्या नव्या संस्थेला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा राबवायला १२ए व ८०जी या आयकरातल्या नोंदण्या आणि सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म यांच्यासोबत तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ज्यांना देणग्या घेऊन प्रत्यक्ष कार्यक्रम चालवायचाय, त्यांनी जरूर काढावी. सल्लागाराने नको.

पैसे कोण देणार?

नोंदणीपेक्षाही माणसाचा कस लागतो तो इथे. ज्या कंपन्यांवर सीएसआरचं सरासरी दायित्व १० कोटी वा त्याहून जास्त आहे, त्यांना १ कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचं मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. कॉर्पोरेटमधून आलेल्यांना हे काम चांगलं जमतं आणि फीही बरी मिळते. अडचण एवढीच की ज्यांचं काम तपासायचं, तेच बिल भरणार असतात.

अशाच एका कामात एका शाळेत गेले होते. देणगीतले संगणक टेबलावर ओळीने मांडलेले, वर प्लास्टिकची कव्हरं तशीच. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेली. बाईंनी दाखवलेल्या वहीत मात्र दर आठवड्याला संगणकाचा तास झाल्याची सुवाच्य अक्षरातली नोंद. मी अहवालात दोन्ही लिहिलं. कंपनीतून फोन आला, "मॅडम, विजेचं खरंच आहे, पण ते परिशिष्टात टाकता येईल का?" मी नाही म्हटलं आणि शेवटचा हप्ता बरेच महिने लांबला. त्या महिन्यांत घरखर्चाची तरतूद बाजूला होती म्हणून तो परिच्छेद जागेवर राहिला.

तेव्हापासून माझ्या करारात निम्मी फी काम सुरू होण्याआधी असते, आणि शेवटचा हप्ता अहवाल 'मंजूर' झाल्यावर नाही तर 'सादर' केल्यावर देय असतो. उद्यम नोंदणीचाही इथे आधार आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत क्लायंटला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक ठळक छापा. अकाउंट्स विभागाला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

तर मग

घरात दुसरा पगार नाही, कर्जाचा हप्ता चालू आहे आणि भागीदारही ठरलेला नाही, असं असेल तर एकट्याने सुरू करा. पण वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात पडल्याशिवाय राजीनामा नको, आणि स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं.

जुनीच कंपनी पहिला क्लायंट व्हायला तयार असेल तर काम घ्या, मात्र तिच्यावर निम्म्याहून जास्त जमा अवलंबून ठेवू नका, नाहीतर पगाराऐवजी इनव्हॉइस एवढाच फरक उरतो. भागीदार आधीच पक्का असेल तर थेट एलएलपीच करा. दोन वर्षं एकट्याने चालवून मग बदल करायचा म्हटलं, की पॅन, जीएसटी, उद्यम क्रमांक, बँक खातं सगळं नव्याने, आणि प्रत्येक मोठ्या क्लायंटच्या व्हेंडर यादीत पुन्हा पहिल्यापासून नाव चढवावं लागतं.