नेमणूक पत्र म्हणून राजीनाम्यावर सही घेतली, 67,500 रुपये बुडवले

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी 2014 पासून फोल्डिंग खात्यात आहे. कागदावर मात्र मी नोव्हेंबर 2025 मध्ये स्वखुशीनं राजीनामा दिलाय, ग्रॅच्युइटीचे 82,500 रुपये रोख मोजून घेतलेत आणि दुसऱ्या दिवशी एका ठेकेदाराकडं एक वर्षाच्या करारावर नव्यानं लागलोय. खातं तेच, टेबल तेच, पगार तोच. माझ्या हातात पडले 15,000. तेही पाकिटात घालून, 'मालकांकडून बक्षीस' म्हणून.

कारखान्याचं नाव लिहीत नाही, अर्ज चालू आहे. पण चिंचोळीपासून अक्कलकोट रोडपर्यंत जिथं जिथं ठेकेदार घुसलाय, तिथल्या प्रत्येकानं हे वाचावं.

यातली सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ही, की आम्हाला जे सांगितलं ते निम्मं खरं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यात गेले, प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यावं लागणार, हे टीव्हीवर येत होतं, पेपरात येत होतं. त्याच आठवड्यात ऑफिसातला माणूस खात्यात आला नि म्हणाला, "सरकारनं सक्तीचं केलंय, सगळ्यांना पत्र द्यायचंय, सह्या करा." अकरा वर्षांत ज्यांना साधी पगाराची चिठ्ठी धड मिळाली नाही, त्यांना पत्र मिळणार म्हटल्यावर आनंदच झाला. पॅकिंगमधल्या बायका तर ओळीत पुढं जायला भांडत होत्या.

शिफ्ट सुटायची वेळ. प्रत्येकाला चार-पाच कागद, वर क्लिप, खालचा सहीचा भाग तेवढा उघडा. सगळं इंग्रजीत. गल्लीतले लोक लाईट बिल नि बँकेची पत्रं वाचून घ्यायला माझ्याकडं येतात. तरीही ते कागद मला वाचू दिले नाहीत, मागं रांग होती नि मुकादम "आवरा, आवरा" करत होता. घरी अजूनही विचारतात, तुम्हाला वाचता येतं ना? येतं. पण झाकलेला कागद कोण वाचणार?

एका कागदावर रेव्हेन्यूचं तिकीट चिकटवलेलं होतं.

हे तिकीट रात्री झोपू देत नाही. एक रुपयाचं ते तिकीट पैसे मिळाल्याच्या पावतीला लागतं, तेही रक्कम 5,000 च्या वर असेल तर. नेमणूक पत्राला तिकीट कशाला? माझ्या डोक्यात हे आलं, मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "नवीन नियम आहे, सगळ्यांचं तसंच आहे." अकरा वर्षं रोज ज्याच्यासोबत चहा प्यायलो तो माणूस हे सांगत होता. तिकिटावर आडवी सही केली. त्या सहीच्या वर रक्कम लिहिलेली होती की नंतर भरली, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही, कारण वरचा भाग क्लिपखाली होता. तुमच्यासमोर कुणी तिकीट लावलेला कागद सरकवला तर हात मागं घ्या. नोकरी जाईल म्हणतील. म्हणू द्या.

हिशेब सांगतो, म्हणजे तुमचा तुम्हाला करता येईल. मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून माझे 13,000. भागिले महिन्याचे कामाचे 26 दिवस, म्हणजे रोजचे 500. वर्षाला 15 दिवसांचा पगार धरतात, म्हणून गुणिले 15, म्हणजे वर्षाला 7,500. अकरा वर्षांचे 82,500. पाच वर्षं पूर्ण झालेल्या माणसानं राजीनामा दिला तरी ही रक्कम त्याचीच असते. म्हणून तर त्यांना नुसता राजीनामा पुरला नाही, पावतीही लागली. 82,500 वजा 15,000, म्हणजे 67,500 माझ्या घामाचे त्यांच्या खिशात राहिले. शिवाय सेवा शून्यापासून सुरू.

कळलं ते मार्चमध्ये. मुलीच्या फीसाठी पीएफमधून उचल घ्यायला गेलो तर ऑनलाइन नोकरी सोडल्याची तारीख भरलेली! खाली पासबुकात डिसेंबरपासून एक रुपया जमा नाही. पगारातून मात्र दरमहा 1,560 कापलेच जात होते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मिळून 4,680, तेही माझ्याच वाट्याचे. मालकाचा वाटा वेगळाच. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरणा व्हायला हवा असतो. यूएएनला, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबराला, जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजनं येते. फुकट आहे. दर महिन्याला द्या.

मग कार्यालयं सुरू झाली. पहिल्या ठिकाणी साहेबांनी कागदाची झेरॉक्स पाहिली नि विचारलं, "सही तुमचीच ना?" हो म्हटलं. "मग?" संपलं. अकरा वर्षांचा प्रत्येक पगार बँकेत आला, मग ग्रॅच्युइटीच तेवढी रोख कशी, एवढा एक प्रश्न मालकाला विचारा म्हणून हात जोडले. म्हणे लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणे, आता कायदा बदललाय, जुन्या नमुन्यात घ्यायचं की नव्या ते वरून कळू दे. मालकाला नवा कायदा त्याच आठवड्यात कळला, त्याच्या नावावर सह्याही घेऊन झाल्या, आणि ज्यांनी तो राबवायचा त्यांना नमुना कळत नाही? दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ठेकेदाराकडं जा. ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ मालक जबाबदार असतो, हे मी त्यांना सांगायचं? पगार त्यांचा कशासाठी आहे? पोलिसांकडं गेलो. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये तो स्पष्ट लिहिलाय. ठाण्यातलं उत्तर: "हे पीएफवाल्यांचं आहे, तिकडं जा." मी तिकडूनच आलो होतो. प्रत्येक खेपेला एका दिवसाचा पगार बुडतो, हे खुर्चीवर बसलेल्याला कळत नाही.

पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. माझा एक अर्ज असाच 'सापडत नाही' झाला. हजेरी कार्ड, गेटपास, जुना ईएसआयचा कागद, काहीही फेकू नका. माझं 2016 चं ओळखपत्र बायकोनं डब्यात जपून ठेवलं होतं, आज तेच उपयोगी पडतंय. दोनशे रुपयांत पीएफ काढून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला ओटीपी सांगू नका, तो आणखी वेगळा खड्डा.

एका वकिलांनी ग्रॅच्युइटीचा दावा तयार करून दिलाय, फी न घेता. पॅकिंगमधल्या बायकांपैकी काही जणी यायला तयार आहेत, बाकीच्या घाबरतात. त्यांच्या पावत्यांवरही रक्कम रोखच दाखवलीय. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी 'नेमणूक पत्रावर' सही केली, त्यांनी आजच उमंग या सरकारी ॲपवर पीएफची सर्व्हिस हिस्टरी उघडून नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का ते बघा. भरलेली असेल तर बँकेचं नोव्हेंबर-डिसेंबरचं स्टेटमेंट शिक्का मारून घ्या.