यामाहा स्टेजिया ईएलएस-०२सी : एकटीने वाजवायचा वाद्यवृंद

सिम्फनी एकट्याने वाजवायची हौस असेल, तर हा इलेक्टोन, म्हणजे यामाहाचा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन, मी मनापासून सुचवेन. मी तोक्योत राहते. लहानपणापासून पेटी वाजवत आले, इलेक्टोन इथे आल्यावर शिकले. जपानमध्ये हे वाद्य १९५९ पासून आहे. हे मॉडेल २०१४ चं.

वर-खाली दोन कीबोर्ड, प्रत्येकी ४९ पट्ट्या आणि डाव्या पायासाठी २० पेडल. आवाजांची यादी लांबलचक आहे, पण माझ्या लेखी खरं मोल आहे ते उजव्या पायाखालच्या, आवाज लहान-मोठा करणाऱ्या एक्स्प्रेशन पेडलचं. पेटीत भात्याचं जे काम, तेच इथे त्याचं. पाय नुसता ठेवून दिला तर उत्तमातलं व्हायोलिनही निर्जीव वाजतं.

सध्या चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीतला (१८९३) लार्गो, म्हणजे तिचा संथ भाग, बसवते आहे. सुरुवातीच्या ब्रासच्या (पितळी फुंकवाद्यांच्या) कॉर्ड्‌स खालच्या कीबोर्डवर, त्यांतला खर्जातला ट्यूबा डाव्या पायाला. अख्ख्या सिम्फनीत ट्यूबाला वाजायला मिळतं ते याच भागात, त्यामुळे तो गाळायला मन धजत नाही. मग येते इंग्लिश हॉर्नची (ओबोच्या कुळातल्या फुंकवाद्याची) प्रसिद्ध धून, खाली दबक्या आवाजातली तंतुवाद्यं. इथे खरी परीक्षा. एक्स्प्रेशन पेडल दाबला की सगळंच एकदम वाढतं, धूनही आणि साथही. उपाय आफ्टर टचचा, म्हणजे पट्टी दाबून धरल्यावर बोटाच्या जोराने आवाज बदलण्याचा: वरच्या आवाजाला तो भरपूर द्यायचा, खालच्या तंतुवाद्यांचा शून्यावर आणायचा. मग बोटाचा दाब वाढवला की इंग्लिश हॉर्न तेवढा पुढे येतो, साथ जागची हलत नाही. शेवटाकडे मोजकीच तंतुवाद्यं उरतात. तिथे पट्टी दाबून डावी-उजवीकडे किंचित हलवली की स्वर थरथरतो. ही हॉरिझाँटल टचची सोय मला फार प्रिय आहे.

लीड व्हॉइसही जरूर वापरा. उजव्या हाताने व्हायोलिनची कॉर्ड धरली, तर लीड व्हॉइस तिच्यातला सर्वांत वरचा स्वरच उचलतो. त्यावर बासरी लावली की एका हातात दोन वाद्यगट मिळतात.

तरी पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली स्वरलिपी, दोन हातांत मावत नाही. मी आधी एकाच स्वरावर दुहेरी वाजणारी वाद्यं काढते. बास आणि मधल्या हलत्या ओळी मात्र राखते. चार सप्तकांच्या कीबोर्डवर व्हायोलिनच्या उंच जागांसाठी आवाजाचं सप्तक वर घ्यावं लागतं. रजिस्ट्रेशनची, म्हणजे जुळवून साठवलेल्या आवाजांच्या मांडणीची, १६ बटणं आहेत आणि एक्स्प्रेशन पेडलजवळच्या फूटस्विचने ती क्रमाने बदलता येतात. बदल नेहमी फुंकवाद्याचा वादक श्वास घेईल अशा जागी ठेवावा, म्हणजे ऐकणाऱ्याला सांधा जाणवत नाही.

पियानोवरून येणाऱ्यांनी पहिले काही महिने डाव्या पायालाच द्यावेत. कार्यक्रमांना वाद्य स्वतः न्यायचं असेल तर सुटं करून नेता येणारं ईएलसी-०२ बघा. घरी बसून स्कोअर उलगडायचा असेल, तर मात्र हेच घ्या.