माझ्याच टाक्या मला विकल्या

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. 7,115 डॉलर. एवढे पैसे मोजून मी इंधनाच्या दोन टाक्या घेतल्या आणि त्या दोन्ही माझ्याच होत्या. माझ्याच विमानातून काढलेल्या, वरून हिरवा प्रायमर मारून मलाच परत विकलेल्या. आणि गळती टाक्यांची नव्हतीच.

मी ह्यूस्टनजवळ राहतो. चोवीस वर्षं रिफायनरीत नोकरी. काम काय, तर कुठल्या फ्लँजमधून, म्हणजे पाइपांच्या जोडातून, काय गळतंय ते शोधायचं आणि गॅस्केट, म्हणजे जोडात बसवलेली सीलची चकती, बदलून घ्यायचं. हो, हेच काम. त्यावर बायको जे बोलली ते असं: "कंपनीची गळती शोधतोस, स्वतःची दिसली नाही होय रे?" त्या रात्री मी जेवलो नाही.

विमान 1966 सालचं सेसना 150. दोन सीटचं, पंख डोक्यावर, शंभर हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन. 2019 साली 24,500 डॉलरला घेतलं. श्रीमंती थाट वगैरे काही नाही, इथे लोक याहून महाग पिकअप चालवतात. दोन्ही पंखांच्या मुळाशी 13-13 गॅलनच्या अॅल्युमिनियमच्या टाक्या. इंधन वरून खाली आपोआप येतं, पंप नाही. म्हणजे गळायला जागा तरी किती? दोन टाक्या, चार नळ्या, मजल्यावरचा कॉक, इंजिनामागचा स्ट्रेनर (इंधनाची गाळणी), कार्बोरेटर. संपलं.

2024 च्या जूनमध्ये केबिनमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला. मी काय केलं तेही लिहितो, कारण "याला काहीच कळत नसणार" असं कुणी म्हणू नये. स्ट्रेनर बघितला, कोरडा. त्याच्या ड्रेनचं ओ-रिंग नवीन टाकलं. कार्बोरेटरखाली पांढरा कागद रात्रभर ठेवला, सकाळी कोरा. मजल्यावरच्या कॉकभोवती हात फिरवला, काही नाही. डाव्या पंखाखालच्या वेंटमधून (टाकीत हवा जायच्या नळीतून) कधीमधी थेंब पडायचा, पण विमान उतारावर उभं असेल तर तेवढं चालतं. पंखांची खालची बाजू दोन्हीकडे ठणठणीत कोरडी. आणि वास यायचा तो फक्त टाक्या काठोकाठ भरल्यावर, पहिला अर्धा-पाऊण तास. मग गायब.

आता हे परत वाचा. टाकी फुटली असती तर पंखाचं पोट ओलं झालं असतं. गळती फक्त टाकी भरलेली असताना, म्हणजे भोक वरच्या बाजूला. वास आत येतोय, म्हणजे भोक केबिनच्या बाजूला. हे मला ऑफिसात कुणी सांगितलं असतं तर चहा संपायच्या आत मी बोट ठेवून दाखवलं असतं. डाव्या दारावर, छताच्या कापडाच्या कडेला एक निळसर रेघही होती. आमचं 100 एलएल इंधन निळं असतं. ते उडून जातं आणि रंग मागे ठेवतं. ती रेघ मी जूनमध्येच बघितली होती. बघितली आणि फडक्याने पुसली. विमान स्वच्छ दिसावं म्हणून!

माझा नेहमीचा मेकॅनिक म्हातारा आहे, चांगला आहे, आणि त्याच्याकडे सहा आठवड्यांची रांग होती. ऑस्टिनला मेव्हण्याकडे गणपती असतो. यंदा दोघं विमानाने जाऊ असं मुलीला कबूल करून बसलो होतो. चतुर्थी 7 सप्टेंबरला. म्हणून घाई. शेजारच्या हँगरवाल्याने एक नंबर दिला, "स्वतः येतो, हँगरमध्येच काम करतो." मी आंधळेपणाने बोलावलं नाही. त्याचं ए अँड पी लायसन्स, म्हणजे विमान मेकॅनिकचा सरकारी परवाना, एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) वेबसाइटवर शोधलं. नाव सापडलं. लायसन्स अगदी खरं होतं. लायसन्स खरं म्हणजे माणूस खरा, असं मी धरून चाललो. माझ्या जागी तुम्हीही तेच केलं असतं. नसतं केलं तर चांगलंच आहे.

गृहस्थ आला. पांढरी पिकअप, स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. पंखावर टिचक्या मारल्या, टाकीच्या तोंडातून टॉर्च मारला, जीभ चुकचुकवली. "आतून गंज. दोन्ही गेल्यात. नशीब समज की तू जिवंत आहेस." साबणाचं पाणी लावलं का? नाही. टाकीत हलकी हवा भरून बघितली का? नाही. छताचं कापड सोडलं का? त्याला हातसुद्धा लावला नाही. मी विचारलं, तर म्हणाला प्रेशर टेस्ट तो "शॉपमध्ये" करेल. कुणी विमानाला न उघडता निदान सांगितलं की त्याला चहा पाजून गेटपर्यंत सोडून या.

हिशेब असा झाला. ओव्हरहॉल केलेल्या टाक्या बदल्यात, प्रत्येकी 2,150, म्हणजे 4,300. कोअर डिपॉझिट प्रत्येकी 600, म्हणजे 1,200. मजुरी 14 तास, ताशी 95 ने 1,330. सीलंट आणि वाहतूक 285. एकूण 7,115. त्यातले 3,500 आगाऊ, फोनवरून थेट त्याच्या खात्यात. उरलेले 3,615 काम झाल्यावर, तेही तसेच.

ते कोअर डिपॉझिट बघा. जुना भाग परत येईपर्यंत दुकानदार ठेवून घेतो ती अनामत. माझे जुने भाग तर तो स्वतःच्या गाडीत घालून घेऊन चालला होता! मग अनामत कसली? हा प्रश्न मला पडला होता. तोंडातून बाहेर आला नाही, कारण गोऱ्या मेकॅनिकसमोर सहाशे डॉलरसाठी घासाघीस करणारा देशी दिसायचं नव्हतं. झालं, लिहून टाकलं.

वीस जुलैला त्याने पंखांवरची झाकणं उघडली, पट्टे सोडले, टाक्या काढून पिकअपमध्ये ठेवल्या. डाव्या टाकीच्या तोंडाशी अंगठ्याएवढा पोचा होता, पूर्वी कुणाचं तरी नोझल आपटलं असणार. मुलीला पाठवायला मी एक फोटो काढला. त्यात तो पोचा आहे.

दहा ऑगस्टला "नवीन" टाक्या आल्या. हिरव्यागार, कोऱ्या प्रायमरच्या वासाच्या. सोबत पिवळं टॅग, म्हणजे भाग दुरुस्त झाल्याची चिठ्ठी, त्यावर रिपेअर स्टेशनचा (सरकारमान्य वर्कशॉपचा) नंबर आणि फरपटलेली सही. मी डाव्या टाकीवरून हात फिरवला आणि माझा अंगठा त्या पोच्यात बसला. बरोब्बर बसला. मी म्हटलं, "इथे पोचा आहे." तो हसला. "या विमानांच्या सगळ्या टाक्यांना तिथेच असतो, लोक नोझल तिथेच आपटतात." मीही हसलो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी समजू शकलो असतो. टाकीच्या आतल्या बाजूला इंधनाच्या काट्याचा सेंडर असतो, पाच स्क्रूंवर बसवलेला, खाली गॅस्केट. त्या पाचही स्क्रूंच्या खाचा हिरव्या प्रायमरने भरलेल्या होत्या. काठोकाठ, बर्फीच्या साच्यासारख्या. खाचेत रंग, म्हणजे रंग मारण्याआधी त्या स्क्रूला स्क्रू-ड्रायव्हर लागलेला नाही. म्हणजे सेंडर काढलेला नाही. म्हणजे टाकी उघडलेली नाही. मग ओव्हरहॉल कसलं? एफएएच्या नियमात, 43.2 मध्ये, हे स्पष्ट आहे: सोडवलं, साफ केलं, तपासलं, लागेल ते दुरुस्त केलं, जोडलं आणि टेस्ट केलं, तरच "ओव्हरहॉल" हा शब्द लिहायचा. हा नियम मी नंतर वाचला, पण खाचा त्या दिवशी, एक फुटावरून, चष्मा लावून बघितल्या होत्या. मनात काय आलं सांगू? "रंग छान बसलाय." फोनमधला तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो उघडायला दहा सेकंद लागली असती. मी उरलेले 3,615 पाठवले.

जाताना म्हणाला, "सीलंट मुरेपर्यंत महिनाभर टाक्या अर्ध्याच भर." यातली हुशारी कळली का? अर्ध्या टाकीत पातळी सेंडरच्या गॅस्केटखाली राहते. वास येणारच नाही. महिनाभर मी ज्याला भेटेन त्याला त्याचा नंबर देत होतो. दोघांना दिला. त्या दोघांची माफी मागून झाली आहे, एकाने अजून फोन उचललेला नाही.

सात सप्टेंबर. बायको मोदकांचे डबे घेऊन गाडीने पुढे गेली. मी आणि मुलगी विमानतळावर. टाक्या काठोकाठ भरल्या. टेक्ससचं ऊन, मुलीच्या फोटोंसाठी दहा-पंधरा मिनिटं विमान उन्हात उभं, इंधन तापून फुगलेलं. आत बसलो, पट्टे लावले, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, खांद्यावर काय पडलं?" पांढऱ्या कुर्त्यावर निळा ठिपका. मग दुसरा. डोक्यावरून, छताच्या कापडातून, थेंब थेंब. माझा हात मास्टर स्विचवर, म्हणजे विमानाची वीज चालू करायच्या बटणावर, होता. तो दाबायचा राहिला एवढंच. पैशांबद्दल नंतर बोलू, पण त्या माणसाने सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पेट्रोल टपकत ठेवलं होतं आणि त्याची मजुरी घेतली होती.

गाडीने ऑस्टिनला पोचायला आरती होऊन गेली होती.

म्हाताऱ्या मेकॅनिकने पुढच्या आठवड्यात वेळ काढला. छताचं कापड सोडलं, साबणाचं पाणी लावलं, टाकीत अर्ध्या पीएसआयपेक्षा कमी दाबाने हवा सोडली. त्याहून जास्त सोडायची नाही, या टाक्या फुगतात. डाव्या सेंडरच्या कडेला बुडबुडे. त्याने प्रायमर खरवडून स्क्रू काढले, गॅस्केट बाहेर आलं ते भाजलेल्या पापडासारखं, बोटात मोडलं. दोन गॅस्केट 22.80, दोन तासांची मजुरी 220. एकूण 242 डॉलर 80 सेंट. आणि टाक्यांच्या आत गंज? "टिपूस नाही," म्हणाला. माझे वडील बजाजच्या गळक्या टाकीला लाल साबणाची वडी घासून महिना काढायचे. विमानाला ते चालत नाही, पण गळतंय कुठे ते आधी शोधायची अक्कल त्यांच्याकडे होती.

आता दाद मागायची कहाणी. पिवळ्या टॅगवरचा रिपेअर स्टेशनचा नंबर सरकारी यादीत नाहीच. ही यादी कुणालाही बघता येते, मला ऑगस्टमध्येही बघता आली असती. आणि पिवळं टॅग हा नुसता धंद्यातला शब्द आहे, त्याला कायद्याने किंमत नाही. मागायचा तो 8130-3 फॉर्म, म्हणजे भाग वापरायोग्य असल्याचा एफएएचा दाखला, आणि त्यावरचा नंबरही फोन करून ताडून बघायचा.

शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसात गेलो. तरुण पोरगा, सभ्य. "सर, तुम्ही टाक्या मागितल्या, त्याने टाक्या दिल्या. ही सिव्हिल मॅटर आहे, पोलिसांची नाही." मी म्हटलं, माझ्याच टाक्या दिल्या. तो म्हणाला, "मग तुमचं काही गेलं नाही ना?" यावर काय बोलणार! रिपोर्ट नंबर लिहून दिला.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या बोटाने पाठवले आहेत. तीन वेळा फोन, एकूण दोन तास चाळीस मिनिटं, त्यातला बहुतेक वेळ होल्डवरची सनई.

मग विमान वाहतुकीचं सरकारी कार्यालय. वाटलं, इथे तरी कुणाला खाचेतला रंग कळेल. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने संशयास्पद भागांचा फॉर्म भरायला लावला, 8120-11. फोटो जोडले, टॅग जोडलं, लॉगबुकातली त्याची सही जोडली. पाच आठवडे शांतता. मग एकाचा फोन: अपघात झाला का? नाही. कुणी जखमी? नाही. मग स्वर बदलला. "म्हणजे 10 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर तुम्ही हे विमान उडवत होतात?" अहो, तक्रारदार मी! विमान उडण्यायोग्य ठेवायची जबाबदारी मालकाची, हे 91.403 मला त्याने वाचून दाखवलं. फसवणाऱ्याला एक प्रश्न विचारलेला मला अजून ऐकू आलेला नाही, मला अकरा विचारले. चौथ्या महिन्यात दोन ओळींचं पत्र आलं: माहिती मिळाली, पैशांच्या वादात आम्ही पडत नाही. पैशांचं कोण विचारत होतं तुम्हाला? खोटं टॅग लावून तो उद्या दुसऱ्याच्या पोराबाळांच्या डोक्यावर टाकी बसवेल, हे विचारत होतो.

मी चिडून त्याला मेसेज केला, तर उलट धमकी: गप्प बस, नाहीतर विमानावर लीन टाकतो, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी कायदेशीर हक्क सांगतो. टेक्ससच्या कायद्यात विमान मेकॅनिकला मजुरीसाठी तशी सोय खरंच आहे. पण ती न मिळालेल्या मजुरीसाठी, आणि माझा तर पै-पैसा चुकता होता. म्हणून पावत्या ठेवा. नुसत्या "ओके बडी" मेसेजवर पैसे पाठवू नका. काढलेल्या प्रत्येक भागाचा फोटो, चारी बाजूंनी. जमलं तर आत कुठेतरी मार्करने खूण. म्हातारा म्हणतो तो स्वतःच गिऱ्हाईकाला खूण करायला सांगतो, प्रामाणिक माणसाला राग येत नाही.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेलो. इथे 20,000 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. फी 54 डॉलर. समन्स ज्या पत्त्यावर गेलं ते टपालपेट्या भाड्याने देणारं दुकान निघालं. समन्स परत आलं. दुसऱ्यांदा विमानतळाच्या गेटवर हातात दिलं, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी पायपर चेरोकी विमानावर वाकला होता. मालक शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

सुनावणी 19 तारखेला. फाइलमध्ये दोन फोटो, पिवळं टॅग, लॉगबुकच्या पानाची झेरॉक्स, आणि प्लास्टिकच्या पिशवीत त्या गॅस्केटचे तीन तुकडे आणि पाच स्क्रू, खाचांत हिरवा रंग असलेले. पिशवी दोनदा बांधली तरी कपाटाला वास येतो. बायकोने फाइल गॅरेजमध्ये नेऊन ठेवली आहे.