गाडीचा उतारा काढला नाही

आमचं घर तासगाव तालुक्यातलं. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे, आणि व्यापारी माल उचलून पैसे बुडवून पळाला ही बातमी आमच्याकडे हंगामासारखीच अधूनमधून येते. वडिलांचेही एकदा बुडालेत. त्यामुळे मी भोळा होतो, असं मला म्हणता येत नाही. तरी मे 2025 मध्ये मेलबर्नमध्ये आम्ही तिघांनी मिळून एका जुन्या व्हॅनपायी 8,200 डॉलर, म्हणजे साडेचार लाख रुपये घालवले. पुढच्या पोरांचे वाचावेत म्हणून लिहितोय.

ऑस्ट्रेलियाने 462 नंबरचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा भारतीयांना 2024 पासून खुला केला. वर्षाला 1,000 जागा, वय 18 ते 30, आणि निवड सोडतीने. माझा नंबर लागला. फेब्रुवारी ते एप्रिल मिल्ड्युराला द्राक्षतोडणी केली. (तासगावचा पोरगा द्राक्षं तोडायला समुद्रापार गेला, यावर गावात झालेले विनोद इथे देत नाही. द्राक्षाचा थॉम्पसन वाण तिथेही तोच, फक्त नाव सुलताना.) तिथे दोन मित्र जमले. एक नाशिककर, तोही द्राक्षवाल्याच्याच घरचा. दुसरा लुधियानाचा, त्याला आम्ही पाजी म्हणायचो. मराठीत पाजीचा अर्थ काय होतो, ते त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

निघताना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं : कॉन्ट्रॅक्टरपासून सांभाळ. ते आम्ही सांभाळलं. पगाराची स्लिप दर आठवड्याला मागून घेतली. 2022 पासून नगावर काम करणाऱ्यालाही तासाचा किमान पगार द्यावा लागतो, हे पाठ होतं. पैसे चोख मिळाले. फसलो ते सुट्टी लागल्यावर.

बेत साधा होता. एक जुनी व्हॅन घ्यायची, मागे गादी आणि गॅस, ग्रेट ओशन रोडने ॲडलेडपर्यंत जायचं, महिनाभर फिरून व्हॅन विकून टाकायची. तिथे हंगाम संपला की बरेच मजूर हेच करतात. भाड्याची कॅम्परव्हॅन महिनाभर परवडत नाही.

जाहिरात ऑनलाइन सापडली. 2008 ची टोयोटा हायएस, आत लाकडी पलंग, सिंक, पडदेसुद्धा. बाजारभावापेक्षा हजारभर स्वस्त. एक तरुण जोडपं विकत होतं. चार दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं, तिकीटही दाखवलं. मुलीने पडदे स्वतः शिवलेत म्हणून सांगितलं. त्या पडद्यांवर आम्ही किती भाळलो, ते आठवलं की आजही लाज वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे जुनी गाडी घेताना काय बघतो? आरसी बुक. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवरच एचपी म्हणून बँकेचं नाव असतं. ते दिसलं की बँकेची एनओसी मागायची, नाही दिसलं की गाडी मोकळी. नाशिककराने नेमकं तेच केलं. रजिस्ट्रेशनचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “कागद कोरा आहे रे, बोजा नाही.” ऑस्ट्रेलियात त्या कागदावर कर्ज लिहिलेलंच नसतं. इतकंच काय, तो मालकीचा पुरावाही धरत नाहीत. कर्जाची नोंद वेगळ्या ठिकाणी असते, पर्सनल प्रॉपर्टी सिक्युरिटीज रजिस्टरमध्ये. सगळे पीपीएसआर म्हणतात. सरकारी साइटवर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे गाडीवर कोरलेला तिचा ओळख नंबर टाकायचा, दोन डॉलर भरायचे. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, अपघातात मोडीत काढलेली आहे का, एवढं मिनिटभरात कळतं. तो गाडीचा सातबारा समजा.

आणि आम्हाला हे माहीतच नव्हतं, असंही नाही. पाजीने विचारलं होतं. त्या माणसाने लगेच मोबाइलवर सर्टिफिकेट पाठवलं. “मीच काल काढलंय, तुमचे दोन डॉलर वाचले.” सर्टिफिकेट अगदी खरं होतं, कर्ज नाही असं स्वच्छ लिहिलेलं. फक्त ते दुसऱ्या हायएसचं होतं. व्हीआयएन सतरा अक्षरांचा असतो. पहिली पंधरा अक्षरं जुळत होती, शेवटचे दोन आकडे वेगळे. ते आम्ही गाडीवरच्या नंबराशी ताडूनच पाहिले नाहीत.

हजार डॉलर बयाणा पेआयडीने, म्हणजे आपल्या यूपीआयसारख्या सोयीने पाठवला. पाठवताना स्क्रीनवर तिसरंच नाव आलं. “मैत्रिणीच्या बहिणीचं खातं आहे, आमचं बंद केलं.” बरं, म्हटलं. बाकीचे रोख दिले तर तीनशे कमी करतो म्हणाला, म्हणून 7,200 रोख मोजले. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात नाव बदलायला रोडवर्दी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला लागतो, तो मेकॅनिककडे राहिलाय, पोस्टाने येईल म्हणाला. नाव बदलायला चौदा दिवस असतात हे खरं आहे, म्हणून तेही पटलं. खरं आणि खोटं त्याने असं कालवलं होतं की वेगळं काढता येईना.

पहिले पाच दिवस मात्र झकास गेले. टॉर्कीपासून 243 किलोमीटरचा तो रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधला. मे महिन्यातला पाऊस, डाव्या हाताला समुद्र, मागे कुकरच्या शिट्ट्या. पोर्ट कॅम्पबेलच्या पुढे इंजिन तापायला लागलं. कसेबसे वॉर्नम्बूलला पोचलो.

तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, पीपीएसआर केलंय ना? मी ऐटीत मोबाइल दाखवला. त्याने चष्मा लावला, गाडीतली व्हीआयएनची पट्टी पाहिली, परत मोबाइल पाहिला. काही बोलला नाही. स्वतःच्या खिशातले दोन डॉलर भरून त्याने शोध घेतला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. व्हॅन तारण ठेवून काढलेलं कर्ज उभंच होतं.

फायनान्स कंपनीला फोन केला. बाई अतिशय सभ्यपणे बोलल्या. कर्ज व्हॅनच्या किमतीपेक्षा जास्त होतं. ते भरा, नाहीतर गाडी द्या. गाडी दिली. गादी, कुकर आणि गॅस तेवढा उतरवून घेतला. पडदे तिथेच सोडले.

विक्रेत्याचा फोन बंद. पोलिसांनी तक्रार घेतली. बँकेला हजार डॉलर परत ओढता येतात का विचारलं, पण ते खातं त्याच दिवशी रिकामं झालं होतं. रोख रकमेचा तर माग काय काढणार? दुकानदाराकडून, म्हणजे एलएमसीटी नंबर असलेल्या परवानाधारक डीलरकडून घेतली असती, तर कर्जमुक्त गाडी देण्याची जबाबदारी त्याची असती. खासगी विक्रेत्याकडून घेतली की सगळं आपल्या डोक्यावर. आम्ही स्वतः शोध घेतला असता, तो स्वच्छ निघाला असता आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हॅन घेतली असती, तर कायद्याचं संरक्षणही मिळालं असतं. दुसऱ्याने पाठवलेल्या फोटोला ते मिळत नाही. आणि शोध घ्यायचा तो सरकारी साइटवरच. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट त्याच माहितीचे कितीतरी जास्त पैसे घेतात.

वडिलांना दोन आठवडे सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “तिकडं गाड्यांचा उतारा निघत नाही व्हय?” निघतो म्हटलं. “मग?” यावर मला उत्तर नव्हतं.

पाजी ॲडलेडला बसने गेला. आम्ही दोघं मिल्ड्युराला परत आलो. जूनपासून संत्री सुरू झाली. थंडीत दव पडलेल्या झाडावर शिडी लावायची आणि गळ्यात जड पिशवी. द्राक्षं बरी होती.

परवा हॉस्टेलवर एक तेलुगू मुलगा आला. व्हॅन बघून ठेवलीय, स्वस्तात आहे, मालकाने सर्टिफिकेटही पाठवलंय म्हणाला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्याला म्हटलं, चप्पल घाल, आधी गाडीजवळ जाऊ. नाशिककराने टॉर्च धरला, मी काचेतून व्हीआयएन वाचत गेलो आणि तो मुलगा मोबाइलवरचं एकेक अक्षर जुळवत होता.