खोकं अस्सल, आतले ब्रेक पॅड नकली

जोरदार इंजिनाची गाडी आहे आणि ब्रेक पॅड बदलायचे आहेत, अशांसाठी हे लिहितो आहे. नकली माल गळ्यात पडला, एवढंच सांगायचं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण पॅड बसवल्यावर मी विकणाऱ्याकडे जी जी तक्रार केली, तिला त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर शास्त्राला धरून होतं. त्या उत्तरांच्या आडोशालाच तो इतके दिवस टिकला.

गाडी रोज रस्त्यावर चालते, अधूनमधून ट्रॅकवर जाते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये शिरते. कंपनीचे मूळ पॅड रोजच्या वापराला उत्तम होते, लागोपाठच्या जोरदार ब्रेकिंगला मात्र थकायचे. म्हणून जास्त उष्णता सोसणारे, तरी सकाळी गार गाडीतही धरणारे पॅड हवे होते. शिवाय आर ९० मान्यता हवी होती. ह्या युरोपीय नियमानुसार बदली पॅडची पकड मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे असून चालत नाही. निव्वळ ट्रॅकच्या पॅडना ही मान्यता बहुधा नसते, कारण ते गार असताना नीट धरत नाहीत.

जाहिरातीत लिहिलं होतं : ‘रेसिंग कंपाउंड, गार असतानाही पहिल्या दाबाला पकड’. खोकं आलं ते सीलबंद. होलोग्राम, लेबल, गोलातलं ‘ई’ हे मान्यतेचं चिन्ह आणि मान्यता क्रमांक, सगळं जागच्या जागी. पॅडच्या कडेला ‘एफएफ’ छापलेलं. ह्यातलं पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं जास्त तापमानातलं. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. ही अक्षरं पॅडचा दर्जा, टिकाऊपणा किंवा फार तापल्यावरचं वागणं ह्यांबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि छापायला काय, शाई लागते.

पहिली तक्रार : पॅड धरतच नाहीत. उत्तर आलं, “सर, बेड-इन केले का?” प्रश्न रास्त होता. नव्या पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. मोकळ्या रस्त्यावर, गाडी पूर्ण न थांबवता, मध्यम ते जोरदार ब्रेक लावत आणि मध्ये गार होऊ देत ते सोपस्कार मी रीतसर केले होते. पुन्हा केले. उन्नीस-बीस फरक पडला.

दुसरी तक्रार : लांब उतारावर करपट वास, पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी काही केल्या मंदावत नाही. उत्तर : “ग्रीन फेड आहे सर, पहिल्या तापण्यात होतं.” फेड म्हणजे तापल्यावर पकड जाणं. हेही खरंच असतं. पॅडचा माल बांधून ठेवणारं फेनॉलिक रेझिन पहिल्यांदा कडक तापलं की वायू सोडतं आणि पॅड-डिस्कच्या मध्ये तो वायू येतो. चांगले उत्पादक कारखान्यातच पॅडचा पृष्ठभाग भाजून घेतात तो ह्यासाठी. पण ग्रीन फेड एकदा येऊन गेला की पॅड सावरतो. माझा दर वेळी परत येत होता, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी तापल्यावर.

मग ब्रेक ऑइलवर खापर फुटलं. ऑइल जुनं असेल, उकळलं असेल. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणजे बोलण्यात तथ्य होतं. पण ऑइल उकळलं की नळ्यांमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. माझं पेडल घट्ट होतं! पेडल घट्ट राहून गाडी थांबत नसेल तर दोष पॅडमध्ये शोधायचा आणि पेडल स्पंजासारखं झालं तर ऑइलमध्ये. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. इथे कुठेतरी पाणी मुरतंय ही शंका मला ह्या उत्तराने आली, कारण इतकं सगळं पाठ असलेल्या माणसाला हा फरक ठाऊक नसणं शक्य नव्हतं.

शेवटी त्याने सांगितलं, “परफॉर्मन्स पॅड गार असताना कमीच धरतात सर.” म्हणजे गार असताना धरत नाही कारण पॅड रेसचा, आणि तापल्यावर धरत नाही कारण पॅड नवा. मग धरणार कधी?

चाकं उतरवली. माझ्या मेकॅनिकने जुने मूळ पॅड जपून ठेवले होते, म्हणून बरं. (पॅड बदलल्यावर जुने टाकून देऊ नका, तुलनेला त्यांच्यासारखं काही नाही.) दोन्ही शेजारी ठेवले आणि वरून कीर्तन आतून तमाशा काय असतो ते दिसलं. नकली पॅडच्या मागची लोखंडी पट्टी व्हर्निअरने मोजली तर मूळपेक्षा पातळ. तिच्या कडा फाटल्यासारख्या ओबडधोबड. रंग खरवडला तर खाली गंजाचे खड्डे. म्हणजे वापरलेल्या जुन्या पट्ट्यांवर नवा माल चिकटवून वरून रंग मारलेला. एका पॅडवर माल आणि पट्टी ह्यांच्यात फट पडली होती, फट मोजायच्या फीलर गेजचं पातं सरळ आत जात होतं. हे सगळ्यात भयंकर. पकड कमी असणं वेगळं आणि ब्रेक दाबल्यावर अख्खा थर सुटून लोखंड डिस्कवर येणं वेगळं.

मान्यता क्रमांकही जुळत नव्हता. खोक्यावर एक, पट्टीवर दुसराच, तोही पुसट. अस्सल मालावर हा क्रमांक सहजी पुसला जाऊ नये असा नियमच आहे. ज्या कंपनीचं नाव होतं तिच्याकडे फोटो पाठवले तेव्हा लेखी उत्तर आलं : खोक्यावरचं लेबल आमचं, पॅड आमचे नाहीत. बहुधा कुठल्या तरी वर्कशॉपच्या कचऱ्यातून रिकामी खोकी गोळा करून पुन्हा सीलबंद केली जात असावीत. म्हणून खोकं बघून समाधान मानू नका. पॅड बसवण्याआधी पट्टीवरचा क्रमांक खोक्याशी ताडून बघा, आणि उत्पादक पडताळणीचा कोड देत असेल तर तो विकणाऱ्याने दिलेल्या लिंकवरून नको, उत्पादकाच्या साइटवर स्वतः जाऊन तपासा. हे काम कुणी मन लावून करत नाही, मला ठाऊक आहे.

नकली पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, पॅड घासून चकाकी काढायच्या भानगडीतही पडू नका. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, पण ज्याने कंपनीचं नावच चोरलं तो मालात काय कालवतो हे कोण बघायला गेलंय? ओल्या फडक्याने पुसा. आणि कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर लोखंडी डिस्कचा पॅड, अस्सल असला तरी, लावू नका. ‘दोन्हीला चालतो’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पैशांची गोष्ट थोडक्यात सांगतो. विकणारा म्हणाला, आधी पॅड परत पाठवा, मग बघू. पाठवले नाहीत. पुरावा त्याच्याच हातात द्यायचा म्हणजे विषय संपला. फोटो, मेकॅनिकने मोजमापांसह लिहून दिलेला अहवाल, कंपनीचं पत्र आणि विकणाऱ्याची ती सगळी ‘शास्त्रीय’ उत्तरं कार्ड कंपनीकडे दिली, तेव्हा पॅडचे पैसे सुटले. डिस्कवर पडलेल्या चऱ्यांचा खर्च माझ्या माथी आला.

जाहिरात काही काळ गायब होती. आता दुसऱ्या नावाने परत आली आहे. फोटो तेच आणि ‘पहिल्या दाबाला पकड’ हे वाक्यही तेच. मी मित्राच्या खात्यावरून विचारलं, हा पॅड किती अंशांपासून किती अंशांपर्यंत चालतो, आणि तापमानानुसार घर्षणांकाचा आलेख मिळेल का? खरा उत्पादक आपल्या ट्रॅकच्या पॅडची तापमानाची मर्यादा तरी सांगतोच. ह्याचं उत्तर लगेच आलं : “सर, सगळ्या तापमानाला चालतो.”