सेव्हन-झिप : सॉफ्टवेअर झकास, पण तुमच्याकडे कुठलं व्हर्जन आहे ते आधी बघा

फोंड्यात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, जत्रेच्या नाटकांची पत्रकं, लग्नपत्रिका, चवथ जवळ आली की आरतीची पुस्तकं, आणि निम्म्या फायली झिप नायतर रार करून, म्हणजे दाबून लहान केलेल्या एका फाईलीत बांधून येतात, ग्रुपवरून फिरत फिरत आलेल्या, मूळ कोणी पाठवली तेच कळत नाही. त्या सगळ्या मी सेव्हन-झिपमध्येच उघडतो. फुकट आहे, धंद्याला वापरलं तरी पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, राईट क्लिक केलं की काम झालं. इगोर पावलोव यांनी 1999 पासून हे चालू ठेवलंय, खरंच मानलं पाहिजे.

पण परवा भाचा दुकानावर बसला होता, त्याने हेल्पमध्ये अबाउट उघडलं आणि म्हणाला, मामा हे 9.20 आहे, 2010 चं! मला धक्काच बसला. 16.00 च्या आधीच्या काही जुन्या व्हर्जनमध्ये बफर ओव्हरफ्लो नावाचा दोष होता, 2016 साली सिस्को कंपनीच्या टालोस या सुरक्षा टीमने शोधलेला. आमच्या भाषेत सांगतो, पत्रकात कलाकारांच्या नावांची चौकट ठरलेल्या मापाची असते, नावं जास्त झाली आणि कोणी माप बघितलंच नाही तर ती शेजारच्या मजकुरावर चढतात ना, तसंच. मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्क इमेजमधला (अख्ख्या डिस्कची एका फाईलीतली नक्कल) डेटा भरायला साधारण 64 केबीची जागा धरलेली, आणि तुकडा केवढा आहे ते फाईलच सांगणार, प्रोग्राम ते न तपासता भरत सुटणार. मुद्दाम तशी फाईल बनवणारा त्या सांडलेल्या डेटातून त्याचा स्वतःचा कोड तुमच्या पीसीवर चालवू शकतो. 16.00 मध्ये दुरुस्त केलं, पण नंतर एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) वाचणाऱ्या भागातही असाच दोष सापडला, तिथे जागेच्या बाहेर दोन-दोन बाईट लिहिले जायचे, तो 24.01 मध्ये बंद झाला. दोन बाईट म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही!

मला राग येतो तो एवढ्याचाच की हे आपणहून अपडेट होत नाही, नवीन आलंय असं सांगतही नाही. माझ्यासारखा माणूस वर्षानुवर्षं तेच वापरत राहतो. म्हणून एक स्टार कापला, पाचपैकी चार.

अपडेटला दोन मिनिटं लागतात, फक्त त्यांच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या. आणि एक बघा, माझ्या दुसऱ्या पीसीवर जुनं 32 बिटचं होतं, त्यावर 64 बिटचं टाकलं तर जुनं गेलंच नाही, दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरात बसले, कंट्रोल पॅनलमधून जुनं हाताने काढावं लागलं. झेरॉक्स मशीनला जोडलेला तिसरा पीसी आहे, त्याच्यावर पण काल रात्री दुकान बंद करायच्या आधी टाकून घेतलं.