जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला कुठला पंप: मूळचा मेकॅनिकल की इलेक्ट्रिक?

जुनी कार्ब्युरेटरची गाडी घेतली की महिन्याभरात कुणीतरी सांगतंच, "तो मेकॅनिकल पंप काढून टाक, इलेक्ट्रिक बसव, कटकट संपेल." सांगणारा मनापासून सांगतो. पण टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापर्यंत, पोहोचवणारा हा छोटासा पंप नेमकं काय करतो ते समजून घेतलं, तर बऱ्याचदा पाना परत डब्यात ठेवावासा वाटतो. माझा कल आधीच सांगतो. गाडीला मूळचा मेकॅनिकल पंप असेल आणि तो दुरुस्त होण्यासारखा असेल, तर तोच ठेवावा. इलेक्ट्रिक पंप खरोखर सरस ठरतो अशाही गाड्या आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

मेकॅनिकल पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने कसलेला असतो. त्याची दांडी आत जाऊन कॅमशाफ्टवरच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावरच्या, एका उंचवट्याला टेकते. फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत मध्ये एक पुशरॉड, म्हणजे ढकलणारी काडी, असते. कॅमशाफ्ट फिरला की दांडी डायफ्रॅमला, म्हणजे पंपातल्या लवचिक पडद्याला, ओढते, आत पोकळी होते, एक व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतलं पेट्रोल खेचलं जातं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलण्याचं काम दांडी करतच नाही, ते डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते. कार्ब्युरेटरच्या कटोरीतला तरंगता फ्लोट वर येऊन नीडलने, म्हणजे सुईसारख्या झडपेने, तोंड बंद केलं की पेट्रोलला जायला वाट राहत नाही. मग डायफ्रॅम दाबलेल्या स्प्रिंगसकट खालीच थांबतो आणि दांडी नुसती मोकळी हलत राहते. इंजिन कितीही पळवा, दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जात नाही. बहुतेक गाड्यांत तो २ ते ६ पीएसआयच्या (दाबाचं एकक) दरम्यान असतो आणि त्या गाडीच्या कार्ब्युरेटरला तेवढाच हवा असतो. ना दाब आवरणारा रेग्युलेटर, ना वायर.

त्याला काम तरी किती असतं? लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० ने चालली, तर तासाला ५ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने फिरतो, म्हणजे दांडीचे मिनिटाला १५०० हेलकावे. हिशेब केला तर एका हेलकाव्याला जेमतेम एक थेंब पडतो. डायफ्रॅम पूर्ण खालीवर होतच नाही, नुसता थरथरत असतो. धडधाकट पंप वर्षानुवर्षं टिकतो तो म्हणूनच.

इलेक्ट्रिक पंपाचा स्वभाव उलटा आहे. तो ओढण्यापेक्षा ढकलण्यात तरबेज. म्हणून तो इंजिनाजवळ नाही, तर मागे टाकीजवळ आणि शक्यतो टाकीच्या पातळीखाली बसवायचा. असा बसवला की टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या जवळपास सगळ्या लाइनमध्ये पेट्रोल दाबाखाली राहतं. याचा मोठा फायदा उन्हाळ्यात, चढावर किंवा खोळंबलेल्या रहदारीत दिसतो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. मेकॅनिकल पंप ओढतो तेव्हा लाइनमधला दाब आणखी उतरतो, त्यामुळे ते आधीच उकळतात, पंपात वाफ भरते आणि गाडी बंद पडते. हाच तो व्हेपर लॉक. सगळं तपासूनही गाडी दर उन्हाळ्यात असं करत असेल, तर इलेक्ट्रिक पंप बिनदिक्कत बसवा. फक्त आधी दोन गोष्टी बघा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला चिकटून जात नाही ना? आणि पंप व इंजिन यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड स्पेसर कुणी दुरुस्तीत गाळला नाही ना? त्याची जाडीही मूळची हवी, कारण दांडी किती ओढणार ते तिच्यावरच ठरतं.

महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीतही इलेक्ट्रिक पंप सुखाचा. फ्लोटच्या कटोरीतलं पेट्रोल उडून जातं आणि मेकॅनिकल पंप ती भरेपर्यंत स्टार्टर बिचारा दमतो. इलेक्ट्रिक पंप चावी फिरवली की काही सेकंदांत कटोरी भरतो. पण काही मेकॅनिकल पंपांना बाहेरून हाताने मारायची छोटी कळ असते, ती आधी शोधा. पाच-दहा वेळा दाबली की तेच काम होतं. कळ ढिली लागली तर पंप मेलाय असं समजू नका. कॅमचा उंचवटा नेमका दांडीखाली थांबलेला असू शकतो. इंजिन थोडं फिरवून पुन्हा दाबून बघा.

बिघाडाच्या तऱ्हाही वेगळ्या. मेकॅनिकल पंप बहुधा आधी कुरकुरतो. आयडलला, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, ठीक, पण जोर मागितला की उपाशी. मात्र त्याचा एक बिघाड फार वाईट. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल पंपाच्या पोटाखालच्या छिद्रातून ठिबकतं किंवा थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा, बोटावर ऑइल घ्या, नाकाशी न्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर सरकलेली दिसली, तर गाडी तिथेच थांबवा, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. डायफ्रॅम बदलताना पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच किट घ्या, जुन्या रबराला ते मानवत नाही.

इलेक्ट्रिक पंप बहुतेक वेळा न सांगता जातो. दोष पंपाचाच असेल असंही नाही. सैल अर्थिंग, गंजलेला जोड, उडालेला फ्यूज, काहीही असू शकतं. मॉरिस मायनर आणि एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये एसयू कंपनीचा पॉइंटवाला (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) इलेक्ट्रिक पंप मूळचाच असायचा. पॉइंट जळून तो अडला की पान्याच्या मुठीने हळूच टिचकी मारून चालू करायची, ही त्या गाड्यांच्या मालकांची जुनी सवय.

सुरक्षेच्या बाबतीत मी कुणालाही सूट देणार नाही. इंजिन थांबलं की मेकॅनिकल पंप आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंप मात्र अपघातात नळी तुटली तरी चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ओतत राहतो. म्हणून रिले आणि फ्यूज तर हवेतच, शिवाय धक्का बसला की वीज तोडणारा इनर्शिया स्विच किंवा ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच हवा. एवढं करायची तयारी नसेल तर इलेक्ट्रिक पंप बसवूच नका. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर चुकूनही नको. तो ४० पीएसआयच्या वर दाब देतो, त्यापुढे बिचारी नीडल टिकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं.

माझी स्वतःची गाडी चढाला गुदमरायची. मी पंप बदलला, तरी तेच. शेवटी टाकीपाशी नळीचा वीतभर रबरी तुकडा हातात घेऊन वाकवला, तर टाचेला पडतात तशा बारीक भेगा! तिथे एक थेंबही गळत नव्हता, कारण ओढीच्या बाजूला भेग असली की पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. तेव्हापासून पंपाला दोष देण्याआधी मी टाकी ते पंप सगळे रबरी जोड नवे करतो. निम्म्या गाड्यांचा प्रश्न तिथेच मिटतो असं माझं मत आहे.

काही जण दोन्ही ठेवतात, मागे इलेक्ट्रिक आणि पुढे जुना मेकॅनिकल, एकाच लाइनवर. मला हे पटत नाही. पुढचा डायफ्रॅम फाटला तर मागचा पंप पेट्रोल जोराने थेट ऑइलमध्ये ढकलतो आणि गाडी तशीच चालत राहते, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. इलेक्ट्रिक बसवायचं ठरलंच, तर मेकॅनिकल लाइनमधून पूर्ण काढा, त्याच्या जागी गास्केटसह झाकणपट्टी कसून बसवा, पुशरॉड असेल तर तोही काढा, आणि जुना पंप फडक्यात गुंडाळून जपून ठेवा.